एका ठिपक्याचं बारसं

"पहिलीच खेप हाय न्हवं सुनेची? मग हरभरं जरा जास्तीच भिजू घाला. घुगऱ्यांना समदी आळी येती."

शेजारच्या शांतामावशी पायरीवर बसून लसूण सोलता सोलता बोलत होत्या. आई सुपात हरभरे निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "व्हय, पहिलीच," ती म्हणाली आणि एक खडा वेचून अंगणात टाकला.

मी आत पाळण्याच्या दोरीला झेंडू बांधत होते. मागच्या खोलीत स्वातीवहिनी बाळाला थोपटत होती. तो हलका, एका लयीतला आवाज मला मघापासून ऐकू येत होता. तो थांबला. बाळ कुरकुरलं. मग आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता लय चुकलेली होती.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. माझ्या दादाची लेक, मी तिची आत्या, म्हणून नाव ठेवायचा मान माझा. आधी बाळाच्या कानात सांगायचं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं. यातलं दुसरं मला जमेल का, याची घरात केव्हापासून थट्टा चालली होती. लहानपणी सुट्टीला खुटबावला यायचे तेव्हापासून 'इंग्लिश मीडियमची मुकी' हे माझं गावातलं नाव आहे. ते कुणी ठेवलं आणि कुठल्या समितीनं मंजूर केलं, कुणास ठाऊक. आप्पाकाका तर म्हणाले, "स्पीकरवाल्याला सांगून ठिवलंय. तुझ्या तोंडाम्होरं माईकच धरतो."

ही पहिली खेप नव्हती. गावात सगळ्यांना ते ठाऊक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत. हे बाळंतपण सासरी झालं, बारसं आमच्या दारात होत होतं, यातच सगळं कबूल केल्यासारखं होतं. तरी तोंडानं मात्र पहिलीच.

खिडकीबाहेर गुऱ्हाळ चालू होतं. गुळाचा वास गोड असतो असं रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं. रोज घ्यावा लागला की तो तसा राहत नाही. त्यात चिपाडाचा धूर असतो, काहिलीवर चढणाऱ्या मळीचा आंबूस दर्प असतो, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी गूळ. दिवाळी सरली की दौंडच्या या पट्ट्यात तो कपड्यांत, केसांत, उशांत मुक्कामाला येतो. मी आणि आई-पप्पा शिरूरला राहतो; दादा-वहिनी इथे खुटबावच्या घरी, आप्पाकाकांजवळ. पप्पांची नोकरी तिकडच्या एमआयडीसीत. न्हावऱ्यावरून खाली येताना, उसाचे ट्रॅक्टर चुकवत, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली की गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो आत शिरतो, आणि दर वेळी मला त्याच एका हंगामात नेऊन सोडतो. दवाखान्याला फिनेलचा वास असतो म्हणतात. माझ्या आठवणीतल्या दवाखान्याला गुळाचा आहे. दौंडच्या त्या जिन्यात रोज कुणी ना कुणी खुटबावाहून, वरवंडहून येऊन बसायचं, आणि प्रत्येकाच्या शर्टाला, पदराला, डब्याच्या पिशवीला तो लागून यायचा.

दोन हंगामांपूर्वीचे ते दिवस. वहिनीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. ती माहेरी, वरवंडला होती. एका सकाळी दादाचा फोन आला आणि आम्ही निघालो. मला मुद्दाम नेलं. "अनूला घ्या संगं. डॉक्टर इंग्लिशमधी बोलत्यात, तिला समजंल," असं आप्पाकाका म्हणाले. माझ्या शाळेचा घरात कुणाला उपयोग होण्याची ती पहिली वेळ. डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलायचे. मला त्यांचे शब्द सगळे समजायचे. पण ते शब्द जिन्यातल्या माणसांपर्यंत नेताना माझ्याजवळ मराठी उरायची नाही. 'फुप्फुसं अजून तयार नाहीत' एवढं म्हणून मी थांबायचे. आई माझ्या तोंडाकडे बघत राहायची, पुढचं वाक्य येईल म्हणून.

आत काचेच्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीला एक कार्ड. बेबी ऑफ पूनम. बेबी ऑफ रुक्साना. जुळी होती तिथे मागे एक आणि दोन. आमच्या पेटीवर बेबी ऑफ स्वाती. आतली पोर इतकी लहान होती की टोपी डोळ्यांवर उतरायची, आणि ती डोळे मिटूनच कपाळाला आठी घालायची, अगदी दादासारखी. रागावलेल्या दादासारखी. मी काचेला बोट लावून उभी राहायचे. काच कोमट असायची.

त्याच दिवसांत, त्याच जिन्यात बसलेली असताना, माझ्या मोबाइलवर एक मेल आला.

त्यासाठी अजून मागे जायला हवं. अकरावीत असताना शिरूरच्या आमच्या शाळेत फिजिक्सच्या मॅडमनी एक उपक्रम घेतला होता. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं काढलेले आकाशाचे फोटो यायचे. आकाशाचा एकच तुकडा, थोड्या थोड्या वेळानं टिपलेला. ते फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका मात्र मुंगीच्या पावलानं सरकतो. सरकला तर तो तारा नव्हे, सूर्याभोवती फिरणारा दगड. मंगळ आणि गुरूच्या मधल्या जागेत असे लाखो दगड आहेत; पुस्तकात त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेक ठिपके आधीच कुणाला तरी सापडलेले निघतात, नाहीतर तो कॅमेऱ्याचाच दोष असतो. दुपारी लॅबचे पडदे ओढून आम्ही बसायचो. लाइट गेली की इन्व्हर्टर किंचाळायचा आणि मुलं त्याच्याहून मोठ्यानं. न बोलता बघत राहायचं, एवढंच ते काम होतं. शाळेत मला मनापासून जमलेलं ते एकच.

एका दुपारी मला एक ठिपका सरकताना दिसला. मी हाक मारली नाही. उठून मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी वर बघेपर्यंत उभी राहिले. तो नवा निघाला.

नव्या दगडाला लगेच नाव मिळत नाही. आधी मिळते ती तात्पुरती खूण. सापडल्याचं वर्ष, मग कोणत्या पंधरवड्यात सापडला ते सांगणारं एक इंग्रजी अक्षर, मग त्या पंधरवड्यात कितवा ते सांगणारं आणखी एक, कधी त्यापुढे आकडा. पंधरवडा हा शब्द मॅडमनी उच्चारला तेव्हा मला मौज वाटली होती. म्हणजे त्यांच्याकडेही आधी जन्मवेळ मांडतात. मग नुसती वाट बघायची. तो दगड पुन्हा दिसला पाहिजे, पुढच्या फेरीत, त्याच्याही पुढच्या फेरीत. त्याची वाट पक्की कळली, आता हा हरवणार नाही अशी खात्री पटली, की त्याला कायमचा क्रमांक मिळतो. त्यानंतरच, ज्याला तो सापडला त्यानं नाव सुचवायचं. त्याला दहा वर्षांची मुदत असते. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची एक समिती ते नाव बघते, आणि पटलं तर ठेवते. म्हणजे त्या समितीचा मान साधारण आत्याचाच.

जिन्यातला तो मेल हेच सांगत होता. आमच्या ठिपक्याला क्रमांक मिळाला होता. नाव सुचवा. गटातल्या बाकी दोघींनी 'तुला दिसला, तूच ठेव' असं एका ओळीत कळवून टाकलं होतं.

मी वहिनीला ते सांगितलं, ते केवळ तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. ती कॉटवर पाय सोडून बसली होती आणि स्टीलच्या इवल्याशा वाटीत दूध काढत होती. थेंब थेंब. ते मग आत नर्स नळीनं पाजणार.

"आन् नाव ठिवायचं तर नियम काय काय असत्यात?" तिनं विचारलं.

मी सांगत गेले. नाव सोळा अक्षरांच्या आत बसायला हवं. शक्यतो एकच शब्द. उच्चारता यायला हवा. कंपनीची, मालाची जाहिरात नको. पूर्वी देव्यांचीच नावं ठेवत. जो सगळ्यात आधी सापडला त्याला पिकापाण्याच्या देवीचं नाव आहे. मग देव्या पुरेनात, तेव्हा बायकांची, लेकींची, गावांची, फुलांची नावं आली. एकानं तर आपल्या मांजराचं नाव ठेवलं. तेव्हापासून समिती म्हणते, पाळलेल्या जनावरांची नावं आणू नका.

वहिनी हसली. टाके ओढले म्हणून पोटावर हात दाबून धरून हसली. त्या हंगामातलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं.

"म्हंजी माझ्या पोरीसारखंच झालं की त्याचं," ती म्हणाली. "तिलाबी अजून कार्डावरचंच नाव." मग वाटीवर झाकण ठेवत आवाज खाली आणला. "ताई, मी ठरवलंय. शेवंती."

तिच्या वडिलांनी त्या वर्षी वरवंडला शेवंती लावली होती. झोप लागेनाशी झाली तेव्हापासून वहिनी सकाळी उठून बांधावर खुर्ची टाकायची आणि फुलं तोडणाऱ्या बायकांकडे बघत बसायची. "तिकडं गेलं की ही आत नुसती उड्या मारायची. घरात आलं की गप. तिनंच निवडलंय म्हना ना." मग जरा थांबून, "जुनं वाटतं का वो? म्हातारीचं?"

"नाही," मी म्हणाले.

"कुणाला सांगू नका. बारशाआधी सांगत नसत्यात. तुम्ही आत्या. तुम्हीच तिच्या कानात सांगायचं."

मी मान हलवली आणि मनातल्या मनात त्या नावाची इंग्रजी अक्षरं मोजली. सोळाच्या आत सहज बसत होती. तेव्हा का मोजली, ते मला सांगता येणार नाही.

ते बारसं झालं नाही. त्याआधीच पेटी रिकामी झाली. डॉक्टर बोलले ते मला समजलं, आणि या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बस्स. दादा आणि आप्पाकाका तिला घेऊन गेले. इतक्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. कुठे, ते बायकांना सांगत नाहीत. दोघं परत आले तेव्हा दादाच्या चपलांना काळी माती होती आणि ती तो नळाखाली किती तरी वेळ धूत बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही राहिलेलं सामान आणायला गेलो, तर पेटीवर दुसरं कार्ड होतं.

भेटायला बायका आल्या. त्यांच्यातली एक, कोण ते आता आठवत नाही, आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं बाई, नाव ठिवलं न्हवतं. नाव घेतलं की माया मागं वढती." आईनं ते उचललं ते कायमचं. मी तिला दोष देत नाही. तिला सुनेची भीती वाटत होती. वहिनी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि आईला वाटे की एका शब्दानं सुद्धा ती आणखी आत जाईल. म्हणून आमच्या घरात त्या बाळाबद्दल कुणी शब्द काढला नाही. आधी तिच्यासाठी काढला नाही, मग सवय झाली म्हणून, आणि पुढे पुढे तो विषयच कधी नव्हता असं झालं. वहिनी उठली, कामाला लागली. शेवंतीच्या दिवसांत देवाला फुलं आणायची वेळ आली की ती झेंडू आणायची.

दगड हरवतात सुद्धा. काही रात्री दिसतात, मग ढग येतात, चंद्र मोठा होतो, दुर्बीण दुसरीकडे वळते, आणि नंतर शोधायला गेलं तर जागेवर नसतात. त्यांच्याजवळ तात्पुरती खूण तेवढी राहते. पण ते नव्हतेच, असं कुणी म्हणत नाही. यादीत त्यांची जागा असते. फक्त वाट माहीत नाही म्हणून नाव नाही. आधी वाट कळू दे मग नाव, हा नियम मला शाळेत फार शहाणपणाचा वाटायचा. दवाखान्यानंतर वाटेनासा झाला. जिची वाट मुळात एवढीच होती, तिचं काय? वरवंडच्या बांधापासून दौंडच्या पेटीपर्यंत. ती आम्हाला पूर्ण माहीत होती. त्यात कुठे काही निसटलेलं नव्हतं. उलट माझ्या दगडाचं बघा. त्याचा क्रमांक वेबसाइटवर टाकला की या क्षणी तो कुठे आहे ते दिसतं. कोट्यवधी किलोमीटरवरच्या, मी कधी डोळ्यांनी न बघितलेल्या दगडाचा पत्ता माझ्याजवळ आहे. आणि तिला ठेवलं ती जागा, जी बहुधा या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ असेल, मला माहीत नाही. विचारायचा धीरही नाही.

मी दोन वर्षं नाव पाठवलं नव्हतं. पप्पांनी मात्र ही बातमी कधीच गावभर केली होती. सगळे त्याला तारा म्हणतात. मी सुधारत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशीही दुपारी मांडववाल्याशी भांडून आलेले आप्पाकाका खुर्चीत टेकले आणि चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाले, "काय अनू, ताऱ्याला नाव दिलं का न्हाई? का अजून बिननावाचाच हिंडतुया?"

"नाही दिलं."

"आगं आपल्या सोसायटीच्या जुन्या चेअरमनचं दे. लई मोठा मानूस. मी सभेत जाहीर करतो."

"राजकारणातल्या माणसांचं नाव ती गेल्यावर शंभर वर्षांनी चालतं, काका. तसा नियम आहे."

"शंभर?" त्यांनी बशी खाली ठेवली. "शंभर वर्सांनी त्येला वळखणार कोन?"

"म्हणूनच असेल," दादा म्हणाला, आणि आईसकट सगळे हसले.

आप्पाकाका हरणारे नव्हते. "मग आपल्या ह्या पोरीचं दे! उद्या एकाच दिशी बारसं, जमिनीवरबी आन् आभाळातबी. पेपरवाल्याला बोलवतो. घरातली पहिली नात, तिचं नाव आभाळात!"

सगळ्यांना ते एकदम पटलं. वहिनी बाळाच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. पुसून झाली तरी पुसत राहिली.

संध्याकाळी मी दुपटी घेऊन खोलीत गेले तेव्हा दादा तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. "स्वाती, मी काय म्हणतो, हिलाच ते नाव ठिवू. शेवंती. तुला किती आवडलं होतं. म्हणजे ते वाया पण जायचं नाही." दादा वाईट माणूस नाही. यानं सगळ्यांचंच भलं होईल असं त्याला खरोखर वाटत होतं.

"ते तिचं हाय," वहिनी म्हणाली.

समितीचाही नियम तसाच आहे. एकाला दिलेलं नाव दुसऱ्याला देत नाहीत. पण तिला ते दिलं होतं कुठे? दिलं असं म्हणायला कुणाच्या तरी तोंडून ते निघायला हवं होतं. तिघांना माहीत असलेलं नाव हे अजून नाव नसतं. ती नुसती इच्छा असते.

बारशाच्या सकाळी वहिनी न्हाऊन उन्हात केस सोडून बसली होती. बाळ मांडीवर. पलीकडे गुऱ्हाळावर कुणीतरी हिंदीत 'आग कम कर, आग कम कर' असं ओरडत होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बाहेर काढलं.

"वहिनी, त्या दगडाला मी तिचं नाव देते. तू हो म्हण."

तिनं ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "नुसतं नाव धाडायचं असतं का?"

"दोन ओळी लिहायच्या असतात सोबत. नाव कुणाचं आहे ते."

"काय लिवाल?"

त्या ओळी मी इंग्रजीत कितीदा लिहून पुसल्या होत्या. मराठीत पहिल्यांदाच म्हणत होते. "शोधणाऱ्या मुलीच्या भावाची थोरली लेक."

"थोरली," वहिनी म्हणाली. तो शब्द तिनं तोंडात जरा वेळ ठेवला. "समद्या जगाला कळंल की मग."

"हो."

"आन् हितं?" तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. माझ्याकडे बघितलं नाही. "वर आभाळात ठिवाल वो ताई. हितं कुणी घेनार हाय का तिचं नाव? एकदा तरी?"

तिनं अगदी नेमकं बोट ठेवलं होतं. साऱ्या जगाला सांगणं मला सोपं होतं. परक्या भाषेत, न दिसणाऱ्या माणसांना, दोन नीटस ओळींत. आमच्या पायरीवरच्या चार बायकांना सांगणं अवघड होतं. आणि भीती नुसती माझ्या लाजण्याची नव्हती. आजच्या दिवशी गेलेल्या बाळाचं नाव काढणं अभद्र, असं कुणी म्हणालं तर? धाकटीच्या पहिल्या सणावर ती सावली मी पाडायची का? आईनं दोन वर्षं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं ते दार मी ढकलायचं का? सकाळभर मी घुगऱ्यांचे द्रोण भरत होते आणि दर द्रोणाला माझा निश्चय बदलत होता.

ऊन कलल्यावर बायका जमल्या. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. पाट्यावर रोज मिरची-लसूण वाटायचा तो काळा दगड धुऊन, हळदकुंकू लावून, कुंची घालून बाळासारखा सजवतात. पाळण्याच्या दोन अंगांना दोघी उभ्या राहतात आणि देवाची नावं घेत त्याला वरून, खालून एकमेकींच्या हातात देतात. मग त्याला पाळण्यात निजवतात, आणि त्याच्याशेजारी बाळाला. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं म्हाताऱ्या सांगतात.

आईनं कपड्यांच्या पेटीतून कुंची काढली. फिकट पिवळी, कडेला लाल गोट. ती मला पाठ होती. दोन हंगामांपूर्वी शिरूरच्या घरी आमच्या मशीनवर आईनं ती शिवली होती, आणि दवाखान्यातून डोक्याचं माप कळल्यावर मागच्या बाजूनं दुमडून हातानं टाका घातला होता. तो टाका अजून तसाच होता. मला वाटलं होतं, ती तेव्हाच कुणाला तरी देऊन टाकली असेल.

"बाळाला नवी हाय," कुणी विचारलं नव्हतं तरी आई म्हणाली. "ही आपली वरवंट्याला."

दगडाच्या डोक्यावर कुंची चढवून तिनं नाडी बांधली. मग जिथे गाल असायला हवा तिथे बोटं फिरवून कापडाची सुरकुती सारखी केली. पुन्हा एकदा केली. सुरकुती केव्हाच गेली होती.

वहिनीनं कुंची बघितली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातलं दुपटं घट्ट झालं होतं.

वरवंटा खालून गेला, वरून आला, पाळण्यात निजला. त्याच्याशेजारी बाळाला ठेवलं. दोन कुंच्या शेजारी शेजारी. बायका पाळणा म्हणायला लागल्या. त्या गाण्याचे शब्द मला कधीच नीट येत नाहीत, मी नुसते ओठ हलवते. गाणं संपलं. "आत्या कुठाय? आत्याऽऽ!" असा पुकारा झाला. आत्यानं कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, त्यासाठी माझ्या मागे मुली बाह्या सावरून तयार होत्या. आप्पाकाका खरंच माईक घेऊन उभे होते.

मी पाळण्यावर वाकले. बाळ जागं होतं, मुठी चाळवत होतं. त्याच्या अलीकडे पिवळ्या कुंचीतला तो काळा दगड. मी त्याच्या कुंचीला तोंड लावलं. हळदीखाली अजून लसणाचा वास होता. मी नाव सांगितलं.

मागे हशा फुटला. एक धपाटा पाठीत बसला सुद्धा. "आगं ए इंग्लिश मीडियम!" शांतामावशी ओरडल्या. "त्यो वरवंटा हाय! पोरगी त्याच्या पल्याड हाय!"

"लाजती वो, गडबडली," आप्पाकाका म्हणाले. "घे, माईक घे, दम खा."

मी सरळ उभी राहिले. पाळण्याची दोरी आईच्या हातात होती आणि ती हलायची थांबली होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, जिन्यात बघायची तशी, पुढच्या वाक्याची वाट बघत. वहिनीनं डोळे मिटले होते.

मी माईक हातात घेतला. तो कुंईऽ करून वाजला आणि सगळं अंगण गप्प झालं.

"चुकले नाही मी, मावशी," मी म्हणाले. "ही थोरली. हिचं नाव शेवंती. आता धाकटीचं सांगते."